मूळ हात

कागलच्या आठवडी बाजारात ढबू मिरच्या निवडता निवडता एका अनोळखी बाईनं डावं कोपर वर उचललं, हनुवटी खांद्याला टेकवली आणि पुन्हा मिरच्यांत हात घातला. चार पावलांवर उभी असलेली वैजयंता चौगुले ते बघून जागच्या जागी थांबली. ती लकब तिची स्वतःची होती. लहानपणी आई त्यावरून ओरडायची, "चिमणीगत मान काय मोडतीस गं सारखी?" लग्नानंतर नवऱ्यानं थट्टा केली होती. कारखान्याबाहेर असं कोपर उचलून मान मोडणारी बाई जगात आपण एकटीच, असं ती आजवर धरून चालली होती.

ती त्या बाईजवळ गेली. "कुठल्या कारखान्यात हाईस?"

"मी व्हय? हातकणंगल्याच्या. का ओ?"

"बाही घालतीस?"

"सहा महिनं झालं घालतो की." कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'येतो-जातो'च म्हणतात.

"मग मान अशी का करतीस?"

बाई ओशाळली. "आपोआप हुतंय. आमच्या लायनीत सगळ्याच करत्यात."

वैजयंता मिरच्या न घेताच घरी आली.

त्याचं असं झालं होतं. वैजयंता 'चलित्रा मोटर्स'मध्ये बावीस वर्षं वाइंडिंग करत होती. मोटरीच्या पोटातल्या बोटभर खाचांतून केसासारखी तांब्याची तार फिरवायची, ना सैल ना ताठ. एकाच मापाच्या हजारो मोटरी असल्या तर ते काम यंत्र करतं. पण चलित्रात फवारणीच्या ड्रोनच्या, इस्पितळातल्या पंपांच्या, दर आठवड्याला नव्या मापाच्या मोटरी यायच्या. तिथं हातच लागायचा, आणि असा हात तयार व्हायला दीड-दोन वर्षं जायची. वैजयंताच्या हातची मोटर कधी परत आली नव्हती.

चार वर्षांपूर्वी देशमाने नावाचे एक अभियंते कंपनीत आले. बारीक आवाजाचे, कुणालाही 'अगं' न म्हणणारे. त्यांनी तिच्या बोटांपासून मानेपर्यंत एकशे अठ्ठावीस संवेदक चिकटवले आणि अकरा दिवस तिला नेहमीसारखं काम करू दिलं.

आपण बोट हलवतो तेव्हा मेंदूचा निरोप स्नायूत पोचतो आणि तिथं विजेची बारीकशी लहर उठते. ती लहर कातडीवरून वाचता येते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. देशमान्यांनी वाचलेली लहर उलटी पाठवली. दुसऱ्या बाईच्या दंडावर, मनगटावर तोच प्रवाह, त्याच क्रमानं. तिचा हात आपोआप वैजयंताच्या हातासारखा फिरायचा. त्याच वेळी कानामागच्या एका नसेला हलका ठोका द्यायचा. मेंदूत नवी वाट पडायची असेल तर मेंदूला ती महत्त्वाची वाटावी लागते, आणि तो ठोका मेंदूला सांगायचा, हे महत्त्वाचं आहे, ठेव. दीड वर्षाचं शिक्षण नऊ दिवसांत व्हायला लागलं. उपकरणाचं नाव 'सहबाहू'. बायका त्याला नुसतं 'बाही' म्हणायच्या.

"साहेब, ती मान मोडायची खोड तेवढी काढून टाका," वैजयंतानं तेव्हाच सांगितलं होतं.

देशमान्यांनी काढून बघितली. पण दर सात वेढ्यांनंतर तिचा खांदा त्या एका क्षणात विसावा घ्यायचा. विसावा काढला की आठव्या वेढ्याला तार तुटायची. खोड तशीच ठेवावी लागली. कंपनीच्या दप्तरात त्या नोंदीचं नाव पडलं 'मूळ हात'. फाटकाशी वैजयंताचा मोठा फोटो लागला. चलित्रानं बाही अकरा कारखान्यांना दिली आणि दोन वर्षांत चार हजार बायका वैजयंताच्या हातानं तार गुंडाळू लागल्या. तिला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगा. जत्रेत आपल्या पालखीला गर्दी व्हावी तसं वाटलं.

मग बाजारात ती बाई दिसली, अंगावर बाही नसताना मान मोडणारी. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मालनाक्काचा हात भाजला.

मालन सुतार तिची शेजारीण, वयानं मोठी. पॅकिंगमध्ये खोकी बांधणारी मालनाक्का बाहीमुळं नऊ दिवसांत वाइंडर झाली होती. एका सकाळी ती भाकरी थापत होती. गल्लीत कुणीतरी रिक्षा उभी केली आणि इंडिकेटर चालूच राहिला. टिक, टिक, टिक. वेढे मोजायला बाहीतही अशीच टिकटिक असायची. मालनाक्काच्या हातातली भाकरी खाली पडली आणि दोन्ही हात तापलेल्या तव्यावर तार गुंडाळायला लागले. तिला कळत होतं. ओरडत होती. हात थांबत नव्हते. सून धावत आली तोवर उजव्या तळव्याची कातडी गेली होती.

सरकारी इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वैजयंताला समजावलं. माणूस एखादी गोष्ट हळूहळू शिकतो तेव्हा दोन गोष्टी शिकतो. हात कसा चालवायचा, आणि कधी चालवायचा नाही. दुसरी गोष्ट चुकत-माकत, ओरडा खात, महिनोन्‌महिने शिकावी लागते. बाहीनं पहिली गोष्ट नऊ दिवसांत भरली आणि दुसरीला वेळच दिला नाही. "उतारावर गाडी दिली, ब्रेक बसवला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला असं होणार नाही. तुम्ही बावीस वर्षं शिकलात."

त्रेसष्ट बायकांनी कामगार कार्यालयात भरपाईसाठी अर्ज दिले. कंपनीचं उत्तर चार ओळींचं आलं. उपकरण काढल्यावर हालचालीचा कोणताही अंश शरीरात उरत नाही. सदर तक्रारी मानसिक ताणातून उद्भवलेल्या दिसतात.

संध्याकाळी मालनाक्का पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन वैजयंताच्या उंबऱ्यावर बसली. "तुझं हात आमच्या अंगात शिरल्यात, वैजे," ती म्हणाली. "आता तूच काढ बाई." तिनं हसायचा प्रयत्न केला. वैजयंता मात्र त्या दिवसापासून फाटकातून जाताना स्वतःच्या फोटोकडं बघेनाशी झाली.

मृणाल साळोखे आली ती अशा वेळी. मूळची कोल्हापूरचीच, पुण्यात आणि बंगळुरात नाचून परत आलेली, केस बारीक कापलेले. तिच्या नृत्यमंडळीचं नाव 'सांधा'. शहरात तिच्या नावानं आधीच बोंब होती. गटारात उतरून मेलेल्या माणसांवरच्या तिच्या आधीच्या प्रयोगात नर्तक अंगाला काळं फासून प्रेक्षकांच्या मांडीवर येऊन पडले होते. निम्मं थिएटर शिव्या देत उठून गेलं होतं. उरलेलं निम्मं आठवडाभर नीट जेवलं नव्हतं.

तिनं अर्ज दिलेल्या बायकांना एकत्र बोलावलं आणि सरळ सांगितलं, "मला तुम्ही रंगमंचावर हव्या आहात. हे हात हवेत."

वैजयंताच्या डोक्यात सणक गेली. "आमचं दुखणं तिकीट लावून दाखवणार काय?"

"हो," मृणाल म्हणाली. "कंपनीच्या डॉक्टरनं बंद खोलीत बघितलं आणि काही नाही म्हणून लिहून दिलं. मला तीनशे माणसांसमोर दाखवायचंय. तीनशे माणसांना काही नाही म्हणता येत नाही."

"आणि लोक हसलं तर?"

"हसू देत. हसून तर बघू देत!"

सात बायका तयार झाल्या. पहिली मालनाक्का. वैजयंता आठवी गेली, ती केवळ मालनाक्काला एकटं पाठवायचं नाही म्हणून.

मार्केट यार्डामागच्या बंद पडलेल्या एका टॉकीजमध्ये दुपारच्या तालमी सुरू झाल्या. खुर्च्या कधीच भंगारात गेल्या होत्या. उतरती फरशी तेवढी राहिली होती, तिच्यावर उभं राहिलं की पोटऱ्या भरून यायच्या. मृणालचे चार नर्तक, दोन मुली, दोन मुलगे, तिथं अनवाणी पळायचे, पडायचे, पुन्हा उठायचे. पहिले दोन दिवस बायका भिंतीला टेकून बसल्या आणि एकमेकींना कोपरखळ्या मारत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मृणालनं विचारलं, "टिकटिक लावू? ज्यांना नको त्यांनी बाहेर जा. मी रागावणार नाही."

कुणी उठलं नाही.

टिकटिक सुरू झाली आणि सात जणींचे चौदा हात उठले. वैजयंतानं मालनाक्काला अनेकदा तशी बघितली होती, पण सात जणी एकत्र कधीच नाही. तीच बोटं, तोच मनगटाचा हेल. सात वेढे झाले की सात कोपरं उचलली जायची, सात हनुवट्या खांद्यांना टेकायच्या. पुन्हा सात. तिचंच शरीर सात ठिकाणी चाललं होतं आणि सातही चेहरे घामानं डबडबले होते. तिला भडभडून आलं.

"बंद करा!" ती किंचाळली.

मृणालनं आवाज बंद केला. हात थांबायला आणखी मिनीटभर लागलं.

"आता तुम्ही करा, वैजयंताताई," मृणाल हळूच म्हणाली. "तेच. पण स्वतःहून. आणि तुम्हाला वाटेल तेव्हा थांबा."

वैजयंतानं केलं. पाच वेढ्यांवर थांबली. हात मांडीवर ठेवले. खोलीतल्या सगळ्या बायका तिच्या त्या थांबलेल्या हातांकडं बघत राहिल्या.

तिथून प्रयोग उभा राहिला. नाव ठरलं 'थांब'. संगीत नाही, फक्त टिकटिक आणि श्वास. सात बायकांच्या हातात खरी तांब्याची तार. मधोमध एक नर्तक उभा, मोटरीच्या लोखंडासारखा. टिकटिक चालू झाली की बायकांचे हात त्याच्याभोवती तार गुंडाळत जाणार. दंड, छाती, गळा. त्याला हलता येणार नाही आणि त्यांना थांबता येणार नाही. वैजयंता त्यांच्यात फिरत राहणार, ज्या हातांना ती आतून ओळखते त्या हातांना 'थांब' म्हणत, आणि एकही हात ऐकणार नाही. पहिल्या पूर्ण तालमीला त्या पोराच्या दंडावर लाल वळ उठले. मालनाक्का रडली. पोरगं म्हणालं, "आक्का, वळ जातील. तुम्ही पुन्हा करा."

पहिल्या प्रयोगाला आठ दिवस असताना थिएटरच्या व्यवस्थापकाचा फोन आला. तारीख रद्द. त्यामागोमाग कंपनीची नोटीस आली. दोन वर्षांपूर्वीच्या नव्या कायद्यानं हालचालींचीही नोंदणी करता येत होती, गाण्याच्या चालीची करतात तशी. चलित्रानं 'मूळ हात' आपल्या नावावर नोंदवला होता. सदर हालचाल ही कंपनीची मालमत्ता असून तिचं जाहीर सादरीकरण केल्यास कारवाई केली जाईल.

मंडळीचं काम बघणाऱ्या वकील हसीना मुजावर नोटीस घेऊन टॉकीजवर आल्या. "घाबरू नका," त्या म्हणाल्या. "ही लढाई सोपी आहे. हालचाल मुळात वैजयंताताईंची. माणसाच्या स्वतःच्या हातावर दुसऱ्याचा हक्क कसा काय? आपण जिंकू."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंतानं नाही वाजवल्या. "परत एकदा वाचा की, बाई," ती म्हणाली. मुजावरबाईंनी वाचलं.

"त्यांचं म्हणणं काय? मालनाक्काचं हात जे करत्यात ते कंपनीचं हाय?"

"तसंच म्हणणं आहे."

"आणि कामगार हापिसात काय लिहून दिलंय? अंगात काय उरत न्हाई म्हणून."

मुजावरबाईंचा चष्मा नाकावर घसरला तो त्यांनी तसाच राहू दिला.

"आपण ते माझं म्हणून जिंकलो," वैजयंता सावकाश म्हणाली, "तर मालनाक्काचा हात कुणामुळं भाजला? माझ्यामुळं. कंपनी सुटली. मग कशाला जिंकायचं? म्हणू दे त्यांना त्यांचं. कोर्टात म्हणू दे, शपथेवर."

"म्हणजे आपण मुद्दाम हरायचं?"

"हरायचं."

"ताई, नीट विचार करा. तुम्हाला भर कोर्टात सांगावं लागेल की बावीस वर्षांची ही कला माझी नाही. निकाल लागला की हा प्रयोग कायमचा बंद. मृणालबाईंचंही सगळं पाण्यात."

सगळे मृणालकडं वळले. दोन महिने रात्रंदिवस ती या प्रयोगामागं होती. ती पडद्याच्या भिंतीपर्यंत चालत गेली, तिथं क्षणभर कपाळ टेकून उभी राहिली आणि परत आली. "पण एक प्रयोग झाला पाहिजे," ती म्हणाली. "प्रयोगच झाला नाही तर खटला कशाचा भरतील? रविवारी संध्याकाळी सहाला. इथंच, याच फरशीवर."

वैजयंताचा नवरा बाबासो चलित्रातच सुपरवायझर होता. दुसऱ्या दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत घरी आला. असा तो कधी येत नसे.

"फाटकावरचा तुझा फोटो उतरवला," तो म्हणाला.

"उतरवू दे."

"मला वर बोलावलं हुतं. बायकोला आवर म्हणाले. न्हाईतर हैदराबादच्या कारखान्यात बदली." त्यानं टोपी काढून खुंटीला लावली, पुन्हा काढून हातात घेतली. "वैजू, त्या कंपनीनं तुला हातांची राणी केली. आणि तू त्या नागड्या-उघड्या नाचात उभारणार? गावात तोंड दाखवायचं कसं मी?"

"नागडं कोण न्हाई त्यात. आणि राणी म्हणतासा, तर चार हजार बायका माझ्या हातानं तळमळायला लागल्यात, त्यांच्यापुढं मी तोंड दाखवायचं कसं? ते सांगा."

"तुझा काय दोष त्यात?"

"दोष न्हाई. हात हाईत."

बाबासो जेवायला बसला नाही. दारात थांबून म्हणाला, "मी येणार न्हाई रविवारी."

"नका येऊ. पण मला जाऊ नको म्हणू नका, माझं ऐकायचं दिवस सरलं आता."

रविवारी टॉकीजच्या दारात मृणालनं पाटी लावली होती. आत टिकटिक वाजणार आहे. बाही घालणाऱ्यांनी कृपया आत येऊ नये. पाटी वाचून पन्नासेक बायका दारात घुटमळल्या. त्यात हातकणंगल्याच्या होत्या, शिरोळच्या होत्या. मृणालनं त्यांना पुन्हा समजावलं, त्रास होईल, रडू येईल, हात आवरणार नाहीत. एक जण पुढं झाली. "रोजच हुतंय की ते. आज बघायला माणसं तरी हाईत." आणि ती आत गेली. मागून बाकीच्या.

पहिल्या रांगेत देशमाने फरशीवरच बसले होते. कंपनीनं त्यांना पुरावा गोळा करायला पाठवलं होतं. त्यांच्यापुढं तिवईवर कॅमेरा होता.

दिवे मंद झाले. नर्तक उतारावरून एकामागून एक घरंगळत आले आणि भिंतीशी ढीग होऊन पडले. त्या ढिगातून एक उठला, मधोमध येऊन उभा राहिला. सात बायका हातात तारेची रिळं घेऊन त्याच्याभोवती बसल्या. वैजयंता शेवटची आली. साधं निळं लुगडं, रोजच्या वापरातलं.

टिकटिक सुरू झाली.

पहिल्या दहा वेढ्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. विसाव्या वेढ्याला कुणी हसत नव्हतं. तार त्या पोराच्या दंडात रुतत होती, बायका माना हलवून नको-नको म्हणत होत्या आणि त्यांची बोटं लगबगीनं, हुशारीनं, एकही वेढा न चुकता काम करत होती. वैजयंता एकीपाशी जायची. "थांब." दुसरीपाशी. "थांब गं." कोपरं उचलली जायची, हनुवट्या टेकायच्या, हात पुन्हा चालू. तिनं मालनाक्काची मनगटं धरली तर ती तिच्या मुठीत मासळीसारखी उसळत राहिली. तार पोराच्या गळ्यापर्यंत पोचली.

आणि तेव्हा प्रेक्षकांत हात उठले. आधी एक जोडी, मग चार, मग डाव्या बाजूची अख्खी रांग. काळोखात पन्नास बायका नसलेली तार नसलेल्या मोटरीत भरू लागल्या. शेजारी बसलेले पुरुष दचकून उभे राहिले. कुणी आपल्या बायकोचे हात दाबून धरत होतं, कुणाची मुलगी "आई, आई" करत होती. तालमीत हे ठरलं नव्हतं. मृणाल आवाज बंद करायला धावली, पण वैजयंतानं हात वर करून तिला थांबवलं आणि अंगात होतं नव्हतं तेवढा जोर काढून ओरडली, "बघा! डोळं मिटू नका कुणी! बघा हे!"

मग तिनं कनवटीची पक्कड काढली आणि पोराच्या गळ्यावरची तार कापली. दंडावरची, छातीवरची. तुटलेली तांब्याची टोकं फरशीवर पडत गेली. टिकटिक बंद झाली. हात मात्र चालूच होते आणि तीनशे माणसं ते थांबण्याची वाट बघत उभी होती. मिनीट गेलं. दुसरं गेलं. मागच्या रांगेत बाबासो एका अनोळखी बाईची दोन्ही मनगटं धरून गुडघ्यांवर बसला होता.

कॅमेरा चालू होता. देशमाने कॅमेऱ्यात बघत नव्हते. मागं वळून त्या रांगेकडं बघत होते.

कंपनीनं मंगळवारीच खटला भरला.

जिल्हा न्यायालयात खटल्याच्या चौथ्या तारखेला साक्षी झाल्या. कंपनीचे वकील सावध माणूस होते. मोठ्या पडद्यावर त्यांनी दोन चित्रं शेजारी ठेवली, नोंदवलेला 'मूळ हात' आणि प्रयोगातल्या बायका. सत्त्याण्णव टक्के साम्य. पण हे साम्य बाहीतून आलं, असं ते चुकूनही म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की वैजयंता चौगुले या बाईनं कंपनीची हालचाल इतर बायकांना तालमीत शिकवली. नुसती नक्कल. म्हणजे मालमत्ताही कंपनीची आणि दुखणंही कुणाचं नाही. मुजावरबाईंनी वैजयंताकडं बघून ओठ आवळले. डाव उलटत होता.

वैजयंता पिंजऱ्यात उभी राहिली.

"नोंदणीच्या करारावर ही सही तुमची?" कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

"माझी."

"म्हणजे ही हालचाल कंपनीची आहे, हे तुम्हाला मान्य?"

तिला बावीस वर्षांचे हिवाळे आठवले, फुटलेली नखं, पहिली मोटर पास झाली त्या दिवशीचे पेढे. आपल्या अंगातून कुणी नस उपसून घ्यावी तसं वाटलं. पण आवाज तिनं पडू दिला नाही.

"मान्य. कंपनीचीच."

"आणि तुम्ही ती या बायकांना शिकवलीत."

"न्हाई. मला नऊ दिवसांत शिकवता येत असतं तर कंपनीनं बाही कशाला केली असती, साहेब?"

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं तशी ती थांबली.

शेवटी देशमाने आले. साम्याबद्दलची साक्ष त्यांनी नेहमीच्या बारीक आवाजात दिली. मग मुजावरबाई उठल्या.

"एकच प्रश्न. ही हालचाल नुसती बघून, दोन महिन्यांच्या तालमीत, इतकी अचूक शिकता येते का?"

देशमान्यांनी कंपनीच्या वकिलांकडं बघितलं. 'येते' एवढं एकशब्दी उत्तर पुरेसं होतं. त्यांचा कारखाना, त्यांचं यंत्र, त्यांचं आयुष्यभराचं काम त्या एका शब्दानं सुखरूप राहिलं असतं. मग पाणी मागितलं. पाणी आलं, पण प्यायले नाहीत.

"त्या दिवशी प्रेक्षकांत पन्नास बायका होत्या," ते म्हणाले. "त्यांची तालीम कुणी घेतली नव्हती."

"प्रश्नाचं उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"नाही. बघून शिकता येत नाही. ही हालचाल माणसाच्या शरीरात आमच्या उपकरणाशिवाय दुसऱ्या कुठल्याही मार्गानं जाऊ शकत नाही. आणि गेली की..." त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. "गेली की ती राहते. मी आत्ता ते सिद्ध करून देऊ शकतो."

कंपनीचे वकील उठून काहीतरी बोलायला लागले. टंकलेखिकेनं आधीच शब्द न्‌ शब्द उतरवून घेतला होता.

निकाल अकरा दिवसांनी लागला. बाबासोची हैदराबादची बदली तोवर झाली होती आणि त्यानं ती घेतली नव्हती. सकाळी तो वैजयंताबरोबर न्यायालयात आला आणि शेवटच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला. न्यायाधीशांनी निकाल वाचला. प्रतिवादींनी सादर केलेली हालचाल वादी कंपनीचीच मालमत्ता असल्याचं सिद्ध होतं. वादीच्या स्वतःच्या तज्ज्ञाच्या साक्षीवरून ती वादीच्या उपकरणामार्फतच प्रतिवादींच्या शरीरात गेली आणि तिथं टिकून आहे, हेही सिद्ध होतं. 'थांब' या नृत्याच्या पुढच्या प्रयोगांस मनाई करण्यात येते. मुजावरबाई निकालाची प्रमाणित प्रत मिळवायला जवळजवळ पळतच गेल्या. कामगार कार्यालयात त्रेसष्ट अर्ज त्याच प्रतीची वाट बघत होते, आणि प्रयोगानंतर त्यांत आणखी नऊशे अर्जांची भर पडली होती.

मृणाल बाकावर एकटी बसून राहिली होती. वैजयंता तिच्याशेजारी बसली.

"बाई, तुमचं लई नुकसान झालं."

"झालं," मृणाल म्हणाली. तिचे डोळे भरले होते पण ती हसत होती. "पुढचा प्रयोग नुसत्या पायांचा बसवू. बघू ते कोण नोंदवतंय."

बाहेर न्यायालयाच्या पायऱ्यांवर शंभरएक बायका ताटकळत उभ्या होत्या. हातकणंगल्याहून आलेल्या, शिरोळहून, आणखी कुठून कुठून. आत जागा नव्हती म्हणून त्यांना काही कळलं नव्हतं. वैजयंता दारात दिसताच मालनाक्का गर्दीतून पुढं सरली. "काय झालं गं? वैजे, बोल की! काय झालं?"

वैजयंतानं दोन्ही हात वर उचलले.

"हरलो!" ती ओरडली. "आक्का, हरलो आपण! लेखी हरलो!"

पायऱ्यांवर एकच जल्लोष उठला. रस्त्यावरची वाहनं हळू झाली, समोरच्या चहावाल्यानं गाळणं हातात धरून मान बाहेर काढली. खटला हरलेल्या शंभर बायका एकमेकींच्या गळ्यात पडून का ओरडताहेत, ते त्याला काही केल्या उमगेना.